डबीवरचं नाव

ओकायामाच्या दवाखान्यात सेत्सुकोचा नंबर यायला अजून अवकाश होता. शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिचा विशीतला मुलगा फॉर्म भरत बसले होते. मासिक डोळ्यांपुढे धरून सेत्सुको ऐकत राहिली.

"दमलीस ना? चुकलं, दमलास."

"रोज पोटात सुया. आधी स्त्रीबीजं काढून गोठवायची, मग पुरुषाची औषधं. तीच आधी घेतली असती तर एव्हाना मिसरूड फुटलं असतं."

"फुटेल रे. पळून चाललंय का ते?"

"आणि मला मूल नकोच असलं तर? कशाला जपून ठेवायचं?"

"तुझी वाळलेली नाळ चोवीस वर्षं डबीत घालून कपाटात आहे. तिचा काय उपयोग झाला? ठेवायची असते, ठेवली."

"इथं बीजांच्या नळीवर सरकारी कागदातलंच नाव लावणार. परत ते मुलीचं नाव. तुझ्या त्या नाळेच्या डबीवरही तेच असेल."

"नाही."

"खोडलंस?"

"खोडायला होतं कुठं? डबी दवाखान्यातून पाचव्या दिवशी हातात दिली. नाव ठेवलं सातव्या दिवशी, तेही तुझे आजोबा अडून बसले होते म्हणून घाईघाईत."

"मग डबीवर काय लिहिलंय?"

"तारीख. आणि खाली माझ्या नावानं, 'फुमिएचं बाळ'."

"फॉर्म बघू जरा."

"काय झालं?"

"इथं नळीवरही तेवढंच चाललं असतं."

"विचारून बघू का त्यांना?"

"नको. पेन दे."