पुन्हा जा

पिशवीवाल्या ताई : नाहीच म्हणायचं असेल तर आधी बसायला तरी सांगा, दादा. सव्वीस वर्षं तुमचं ‘नाही’ ऐकतेय, पण उभ्यानं कधी ऐकलेलं नाही.

बाइंडर : बसा की. त्या स्टुलावरचे पुठ्ठे खाली ठेवा. अहो तिकडे नको, तिकडे खळ सांडलीय. साडीला चिकटली तर निघायची नाही.

पिशवीवाल्या ताई : तुमच्या दुकानात बसायचं म्हणजे जागा शोधण्यातच अर्धा वेळ जातो. पूर्वी वहिनी फडक्यानं पुसून द्यायच्या.

सून : ताई, पण आज कशा काय? तुमचा तर महिन्याचा पहिला गुरुवार. बाबा त्या दिवशी सकाळपासून ‘नाही’ची तयारी करत असतात.

बाइंडर : तू ते छापील पानांचे फर्मे शीव. जीभ सुईपेक्षा जास्त चालते तुझी.

पिशवीवाल्या ताई : गुरुवारी मी नसेन गं. शनिवारी निघतेय. लेकीकडे.

बाइंडर : किती दिवस?

पिशवीवाल्या ताई : दिवस नाही, दादा. खोली सोडली. भांडी वाटून टाकली. गुडघे आता जिने चढू देत नाहीत, आणि लेक म्हणते, तिथे पडलीस तर मला कळायलाच दोन दिवस, यायला आणखी दोन दिवस. तिचंही चुकत नाही.

बाइंडर : हं. चहा टाक गं.

सून : कधीच टाकलाय. त्यांची चप्पल जिन्यात वाजली तेव्हाच.

पिशवीवाल्या ताई : सकाळपासून हिंडतेय. सगळी दारं केली. शिंपी, दवाखान्यातल्या बाई, कोपऱ्यावरचा घड्याळवाला. कुणी घेतलं, कुणी दार लावलं. पिशवी रिकामी झाली. आमच्या प्रार्थनेचं हे एवढं एक पुस्तक राहिलंय. राहिलंय म्हणजे मीच ठेवलंय. तुमच्यासाठी.

बाइंडर : ताई, आता शेवटच्या दिवशी कशाला उगाच...

पिशवीवाल्या ताई : सोळा पानं आहेत, दादा. तुमच्या हातात ते बिस्किटासारखं मावेल.

सून : ताई, एक विचारू? तुम्ही त्या निळ्या वहीत प्रत्येक घराचं काहीतरी लिहिता ना? आमच्यापुढे काय लिहिलंय?

पिशवीवाल्या ताई : ते नाही सांगायचं.

सून : आता कोण येणारे तपासायला? सांगा ना.

पिशवीवाल्या ताई : आमच्याकडे नियम होता. घेतलं तर बरोबरची खूण. नाही घेतलं तर ‘पुन्हा जा’. आणि तीन वेळा ‘नाही’ झालं की त्या दारावर काट मारायची, परत जायचं नाही. लोकांना त्रास द्यायचा नाही, असा आमचा शिरस्ता.

सून : मग आमच्यावर काट?

पिशवीवाल्या ताई : ‘पुन्हा जा’.

सून : सव्वीस वर्षं?

पिशवीवाल्या ताई : दर महिन्याला. वह्या बदलल्या, शेरा तोच. एकदा आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी मला समोर बसवून विचारलं, या दारावर काट का नाही? मी म्हटलं, माणूस विचार करतोय.

बाइंडर : कसला विचार? मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

पिशवीवाल्या ताई : पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, चष्मा हरवलाय. चष्मा तुमच्या डोक्यावर होता.

सून : बाबा!

पिशवीवाल्या ताई : दुसऱ्या वेळी म्हणालात, हात खळीचे आहेत. तिसऱ्या वेळी वहिनीच आतून आल्या आणि म्हणाल्या, हे काही घ्यायचे नाहीत, पण चहा उकळलाय, तुम्ही घेता का? झालं. काट मारायची ती तिथेच राहिली.

बाइंडर : तिला कुणीही चालायचं. वीजमीटर बघायला आलेल्यालाही चहा द्यायची.

पिशवीवाल्या ताई : आज मात्र खरं कारण सांगा. नाहीतर गाडीत दोन दिवस माझ्या डोक्यात तोच भुंगा. आमच्या देवाचा राग आहे का तुम्हाला?

बाइंडर : काहीतरीच काय. राग कशाला असेल?

पिशवीवाल्या ताई : मग घरात आणलं तर बाटेल, असं काही?

बाइंडर : बाटायला काय, तुमच्या लोकांची किती पुस्तकं मी बांधली. ही समोरची पकड आहे ना, दाबायची, तिच्याखालून सगळ्यांचे देव गेलेत. पकड कुणाला विचारत नाही.

पिशवीवाल्या ताई : तेच तर! बांधायला चालतं आणि घ्यायला चालत नाही?

बाइंडर : बांधायचं ते दुसऱ्याचं असतं. घेतलं की आपलं होतं. सूनबाई, तो दिवा लाव जरा.

सून : लख्ख ऊन आहे, बाबा. सांगायचं टाळू नका.

बाइंडर : मी एकवीस-बावीसचा होतो. उस्तादांकडे कामाला. रस्त्यात एका माणसानं असंच एक छोटं पुस्तक दिलं. तुमच्यासारखाच, पिशवी खांद्याला. मला नाही म्हणायला जमलं नाही. घेतलं, हसलो, दुकानात फळीवर टाकलं. वाचणार नव्हतोच. महिना गेला. एक दिवस अस्तराचा कागद संपला. अस्तर म्हणजे पुस्तकाच्या पाठीला आतून चिकटवतात तो. बाहेरून दिसत नाही. म्हणून कुठलाही जुना कागद चालतो.

सून : आपण अजून कोराच वापरतो. महाग पडतो म्हणून मी किती वेळा भांडले.

बाइंडर : कोराच का, ते आता कळेल. मी त्या पुस्तकाची पानं फाडली, पट्ट्या कापल्या आणि लावून मोकळा झालो. एका शिक्षकांचा मोठा शब्दकोश होता तो. दोन वर्षांनी तेच शिक्षक परत आले, पाठ निसटली म्हणून. माझ्यासमोर टेबलावर कोश उघडला. आत त्यांच्याच प्रार्थनेच्या ओळी. अर्ध्या कापलेल्या, उलट्या, वर खळ.

पिशवीवाल्या ताई : ते आमच्यातले होते?

बाइंडर : मला तोवर माहीत नव्हतं. चेहरा बघून कळलं.

पिशवीवाल्या ताई : फार बोलले असतील.

बाइंडर : तोंडातून ब्र काढला नाही. बोट पाण्यात बुडवलं आणि पट्टी हळूहळू सोडवायला लागले. तासभर लागला असेल. मी म्हटलं, मी करतो. म्हणाले, नको. एकेक तुकडा वाळवला, रुमालात ठेवला, रुमाल वरच्या खिशात. मग म्हणाले, आता बांधा, आणि किती झाले ते सांगा. अहो, थोबाडीत मारली असती तर सुटलो असतो.

पिशवीवाल्या ताई : दादा...

बाइंडर : तेव्हापासून ठरवलं. जे वाचणार नाही, ज्यापुढे हात जोडणार नाही, ते घ्यायचं नाही. घेतलं की ते कुठेतरी पडणार. फळीवर, मग खाली, मग रद्दीत. तुमच्यासाठी ते काय आहे ते तुमचे हात बघून कळतं मला. तुम्ही पिशवीतून काढताना पदराला हात पुसता. मी काय पुसणार?

सून : हे तुम्ही इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत. मला वाटायचं, नुसता हट्ट.

बाइंडर : हट्टही आहे. तो वेगळा.

पिशवीवाल्या ताई : तोही सांगा मग. हात राखून कशाला?

बाइंडर : माझ्या आईला वाचता येत नव्हतं. दिवेलागणीला मी आमचं पुस्तक तिला वाचून दाखवायचो. रोज एक पान. सगळं पाठ होतं तिला. मी मुद्दाम एखादी ओळ गाळायचो, तर भाजी निवडता निवडता म्हणायची, ‘मागे जा.’ एवढंच. ‘मागे जा.’ आजही पुस्तक उघडलं की मला ती ऐकू येते. तुमचं पुस्तक चांगलंच असेल, ताई. वाईट असतं तर तुम्ही अशा झाला नसता. पण त्यात माझी आई नाही. आणि मला या वयात तिला एकटीला सोडून कुठे जायचं नाही.

पिशवीवाल्या ताई : हे एवढं तुम्ही त्या पहिल्या दिवशी सांगितलं असतंत ना, तर मी तेव्हाच काट मारली असती.

सून : म्हणून बरं झालं नाही सांगितलं. घ्या, चहा घ्या. साखर कमी घातलीय.

पिशवीवाल्या ताई : वहिनीही कमीच घालायच्या आणि वर म्हणायच्या, साखर संपलीय. दादा, मलाही एक सांगायचंय. वहिनींनी तुम्हाला सांगितलं होतं का ठाऊक नाही. एकदा त्यांनी मला त्यांचं पुस्तक दिलं होतं.

बाइंडर : आमचं? कधी?

पिशवीवाल्या ताई : तुम्ही बाजारात कागद आणायला गेला होता. म्हणाल्या, मी तुमचं घेते, तुम्ही माझं घ्या, फिटंफाट. हातात धरलं होतं पुढे, असं. आणि मी... मी हात मागे घेतला. पदराखाली लपवला बघा, लहान मुलीसारखा.

सून : का हो? तुम्ही तर जगाला पुस्तकं वाटता.

पिशवीवाल्या ताई : वाटते. पण घेतलं एकाचंही नाही कधी. आमच्या घरात दुसरं पुस्तक येत नसे. माझा थोरला भाऊ एकदा असंच कुणाचं तरी घेऊन आला. उशीखाली ठेवून वाचायचा. वडिलांना कळलं. मग रोज जेवताना वाद. सहा महिन्यांत घर सोडून गेला तो. पुस्तकामुळे गेला की वडिलांच्या बोलण्यामुळे, देव जाणे. आईनं त्याचं ताट मांडायचं थांबवलं नाही. मी रोज ते रिकामं ताट उचलायची. तेव्हापासून कुणी पुस्तक पुढे केलं की मला ते ताट दिसतं.

बाइंडर : आणि त्या दिवशी ही काय म्हणाली?

पिशवीवाल्या ताई : हसल्या. म्हणाल्या, बरं, मग दोघीही काही घ्यायला नको, भजी... नाही, बिस्किटं होती त्या दिवशी. म्हणाल्या, बिस्किटं तरी घ्या, त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही.

सून : अगदी आमच्या आईंचंच बोलणं!

पिशवीवाल्या ताई : पण क्षणभर चेहरा उतरला होता, दादा. मी पाहिला. इतक्या दारांत उभी राहिले मी, लोक नाही म्हणतात तेव्हा कसं होतं ते मला ठाऊक. आणि मी तेच त्यांना केलं, ज्यांनी मला आत बोलावलं त्यांना. त्या गेल्या, सांगायचं राहूनच गेलं. त्यांच्या आजारपणात इतक्या दुपारी पायाशी बसले, तेव्हाही जीभ रेटली नाही.

बाइंडर : ती विसरली असेल.

पिशवीवाल्या ताई : मी नाही विसरले. ते पुस्तक आहे अजून?

बाइंडर : त्या कपाटात, वरच्या खणात. मीच बांधलंय. लग्नानंतरचं पहिलं काम.

सून : थांबा, मी काढते. धूळ नाही हं, रोज पुसते मी. हे घ्या.

(ताई पदराला हात पुसतात आणि पुस्तक दोन्ही हातांत धरतात.)

बाइंडर : उघडा की.

पिशवीवाल्या ताई : नको. धरायचं राहिलं होतं, तेवढं धरलं. हा पिवळा दोरा त्यांचाच?

बाइंडर : तिच्या साडीच्या काठातला. खूण म्हणून लावून घेतला होता.

सून : ताई, घेऊन जा ना हे. आईंना आवडलं असतं. हो ना, बाबा?

बाइंडर : त्या नाही नेणार.

पिशवीवाल्या ताई : नाही गं. दादांना कळलं बघ. आता या वयात लेकीच्या घरी दुसरं पुस्तक नेऊन मी तरी ते ताट कशाला मांडू? जागेवर ठेव. नीट ठेव हो. चला, निघते. उशीर केला तर पुन्हा गुडघे कुरकुरतील. हे शेवटचं जिन्याखालच्या चांभाराला देते.

बाइंडर : ते इकडे आणा.

पिशवीवाल्या ताई : काय?

बाइंडर : तुमचं ते सोळा पानी. बघू जरा.

पिशवीवाल्या ताई : घेताय?

बाइंडर : बघतोय म्हटलं. हे काय आहे? पिना मारल्यात! सव्वीस वर्षं लांबून बघतोय, डोळ्यांत खुपतात त्या. पावसाळ्यात गंजतात, कागद खातात, मधली दोन पानं आधी सुटतात. ज्या पुस्तकाला तुम्ही हात पुसून हात लावता, त्याला लोखंड टोचता?

पिशवीवाल्या ताई : छापखान्यातून तशीच येतात हो. हजारोंनी येतात.

बाइंडर : हजारांचं मला सांगू नका. हे एक दोऱ्यानं शिवायला हवं. मेण लावलेला दोरा, तीन टाके, वर जाड कागदाचं वेष्टण. सूनबाई, पावती फाड.

सून : कसली पावती, बाबा?

बाइंडर : दुरुस्तीची. घेतलेलं नाही मी. दुरुस्तीला आलंय. दुरुस्तीला आलेलं दुसऱ्याचं असतं, ते आपण रद्दीत टाकत नाही, फळीवर टाकत नाही. मालक येईपर्यंत या कपाटात राहतं.

पिशवीवाल्या ताई : कुठल्या कपाटात?

बाइंडर : एकच कपाट आहे दुकानात. वरच्या खणात.

पिशवीवाल्या ताई : आणि शिवताना... वाचावं नाही लागणार?

बाइंडर : पानं उलटी-सुलटी लागू नयेत म्हणून पहिली ओळ बघावी लागते. तेवढी बघीन. तेवढीच.

पिशवीवाल्या ताई : पहिली ओळ चांगली आहे, दादा.

बाइंडर : सांगू नका. माझं मी बघीन.

सून : बाबा, नाव लिहिलं, काम लिहिलं. ‘न्यायची तारीख’पुढे काय लिहू?

बाइंडर : तारीख नको. लिही, ‘मालकिणीने स्वतः येऊन न्यावे.’