वहीतली सतरा बाळं

लसीच्या रांगेत बाळाला छातीशी धरून बसलेल्या एका तरुण आईच्या कानावर पुढच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. एक म्हातारी सुईण होती आणि दुसरी तिची इतिहास-संशोधक भाची.

"मावशी, संगणकाला तुझ्या वहीतलं अक्षर लागत नाही. म्हणून वस्तीच्या इतिहासासाठी दवाखान्याच्या छापील नोंदीच घेतल्या."

"आणि लिहिलंस काय, तर साथीच्या वर्षी वस्तीत एकही बाळ दगावलं नाही."

"नोंदींत तसंच दिसतं."

"दवाखान्यात जात कोण होतं गं तेव्हा? माझ्या वहीत सतरा आहेत."

"हाताने उतरवायला महिने जातील."

"मग त्यांच्या आयांना सांगून ये, यंत्राला वाचता आलं नाही म्हणून."

"बरं बाई, तळटीप टाकते."

"तळटीप नको. मी वाचते, तू लिही. पहिलं बाळ तुझ्या आईचं आहे."