एक-सातची रेघ

(चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याखालची खोली, दुपार. आत्या फोनवर बोलते आहे. पलीकडे दुसऱ्या गावातल्या ऑफिसातून तिची भाची, चिमणी. वर मनोऱ्यात आत्याचा धाकटा भाऊ, चिमणीचे बाबा, म्हणजे घड्याळजी.)

आत्या: ...तर आता खोली अशी लख्ख झाली आहे की समिती आली तर जमिनीवर मांडी घालून बसेल. तेलकट चिंध्या, मोडके काटे, चाळीस वर्षांची धूळ, सगळं काढलं. तुझ्या बापाचा कम्प्युटरसुद्धा आवरून टाकला.

चिमणी: बाहेरून ना?

आत्या: बाहेरून पुसला. आतून आवरला.

चिमणी: आत्या, आतून म्हणजे?

आत्या: अगं, काय तो पसारा! एका फाईलचं नाव तर बघवत नव्हतं. आधी डी, मग एकावर एक दोन टिंबं, मग रेघ, मग घड्याळ, मग परत रेघ, मग नोंद. मांजर चालून गेल्यासारखं. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये असं नाव कोणी दिलं असतं तर उभ्या उभ्या मेमो हातात ठेवला असता.

चिमणी: ती फाईल कुठे आहे?

आत्या: कुठे असणार? गेली.

चिमणी: केराच्या टोपलीत असेल. टोपली उघड.

आत्या: टोपली रिकामी केली. केर काय घरात साठवायचा?

चिमणी: आत्या, मी खाली बसते जरा.

आत्या: बस बाई. पण एवढं काय झालं? माझी रीत ठरलेली आहे. ऑफिसात कम्प्युटर आला तेव्हापासून रिटायर होईपर्यंत, बारा वर्षं. सगळ्या फायली निवडायच्या आणि पुसायचं बटण दाबायचं. जी कोणाच्या वापरात असेल तिच्यासाठी तो स्वतःच अडून बसतो. ‘फाईल वापरात आहे, पुसता येणार नाही.’ म्हणजे ती कामाची. बाकी रद्दी. बारा वर्षांत एक चालू फाईल गेली नाही माझ्या हातून.

चिमणी: आणि आज?

आत्या: आज त्याने एकाही फाईलला हरकत घेतली नाही. मला वाटलं, धाकट्याकडे सगळी रद्दीच आहे. माणूसही तसाच आहे ना.

चिमणी: तुझ्या ऑफिसात विंडोज होतं. बाबांच्या मशीनवर मी दोन महिन्यांपूर्वी लिनक्स घातलं, कारण विंडोजवर ते पाच मिनिटं घेत होतं जागं व्हायला. तुझं ते हरकत घेतं. हे घेत नाही. हे म्हणतं, घरातली मोठी बाई सांगते आहे, पुसा.

आत्या: वळण चांगलं आहे की मग.

चिमणी: त्या फाईलमध्ये चाळीस दिवसांचे टोले होते!

आत्या: कोणते टोले?

चिमणी: वर मायक्रोफोन लावलाय ना? दर तासाला टोल ऐकायचा, खऱ्या वेळेपेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे ते मोजायचं आणि त्या फाईलमध्ये एक ओळ लिहायची. मीच लिहिलाय तो प्रोग्रॅम. चार वाजता समिती तीच फाईल बघायला येते आहे. एकदाही तीस सेकंदांपेक्षा जास्त चुकलं नसेल तर घड्याळ राहील. नाहीतर ते उतरवून आकड्यांचा डबा लावणार.

आत्या: मला सांगतेस? महिनाभर तो धड जेवलेला नाही. पानात वाढलेलं तसंच असतं. ते घड्याळ गेलं तर तो... अगं बाई. अगं बाई गं. म्हणजे मी पुसलं ते...

चिमणी: हो.

आत्या: माझ्या हातांना काय झालं होतं! थांब, आधी हा कम्प्युटर बंद करते, मग विचार करू.

चिमणी: बंद करू नकोस! हात लावू नकोस! आत्या, हात वर कर.

आत्या: केले. फोन खांद्यावर धरलाय. आता मान मोडली तर तू ये बघायला.

चिमणी: ऐक. सगळं गेलेलं नाही. तुझ्याच रेकॉर्ड रूमचं सांगते. रजिस्टरमधून एका फाईलची नोंद तू खोडलीस. पण त्याच वेळी ती फाईल कोणा कारकुनाच्या टेबलावर उघडी आहे, तो तिच्यात लिहितोय. मग?

आत्या: नोंद गेली, फाईल त्याच्या हातात. तो उठून घरी जाईपर्यंत ती आहे.

चिमणी: तसंच इथे. तू नाव खोडलंस. पण माझा प्रोग्रॅम अजून चालू आहे आणि त्याने ती फाईल धरून ठेवलीय. प्रोग्रॅम बंद झाला किंवा लाईट गेली की तिला कोणीच वाली नाही, मग ती गेली.

आत्या: म्हणजे तुझ्या त्या कारकुनाने चाळीस दिवस फाईल बंदच केलेली नाही?

चिमणी: नाही.

आत्या: दर ओळ लिहून मिटवायची असते ना?

चिमणी: मिटवायची असते. मी आळस केला. एकदा उघडली ती उघडीच ठेवली.

आत्या: चिमणे, किती वेळा सांगितलं तुला, काढलेली वस्तू जागेवर ठेवावी! लहानपणी खडूचा डबा, आता हे.

चिमणी: आत्या, मी ती मिटवत असते तर आत्ता काहीच उरलं नसतं.

आत्या: ...बरं. एवढ्यापुरतं माफ. आणि ते मांजरीचं नाव?

चिमणी: तेही माझंच. प्रोग्रॅम मी माझ्या विंडोजवर लिहिला. तिथे ते नाव नव्हतं, पत्ता होता. डी म्हणजे कपाट, घड्याळ म्हणजे त्यातला खण, नोंद म्हणजे फाईल. बाबांच्या मशीनला अक्षरांची कपाटं माहीतच नाहीत. त्याने अख्खा पत्ता उचलला आणि तेच नाव समजून फाईलच्या कपाळावर लिहिलं.

आत्या: आणि चाळीस दिवसांत एकदाही बघितलं नाहीस?

चिमणी: चालत होतं ना.

आत्या: म्हणजे मी एकटीच दोषी नाही. तेवढंच बरं वाटलं. सांग, काय करू?

चिमणी: खाली काळा चौकोन आहे तो दाब, म्हणजे हुकूम लिहायची काळी खिडकी उघडेल. आणि मी सांगते तसं एकेक अक्षर लिही. पी, जी, आर, ई, पी. मग मोकळी जागा. मग टी, ओ, एल, म्हणजे टोल, माझ्या प्रोग्रॅमचं नाव. आणि एंटर.

आत्या: एक आकडा आला. एक सात दोन सहा.

चिमणी: तो आपला कारकून. त्याचा नंबर लिहून ठेव. आता सी, पी, मोकळी जागा, मग तिरकी रेघ.

आत्या: कोणती? इथे दोन तिरक्या रेघा आहेत. एक या अंगाला कललेली, एक त्या अंगाला.

चिमणी: उजवीकडे कललेली.

आत्या: माझ्या उजवीकडे की रेघेच्या?

चिमणी: आत्या, घड्याळ डोळ्यांसमोर आण. एकापासून सातापर्यंत गेलेली एक रेघ. अकरापासून पाचापर्यंत गेलेली दुसरी. आपल्याला एक-सातची हवी.

आत्या: हे आधी सांगायचं. आणि त्या मांजरीच्या नावात होत्या त्या अकरा-पाचच्या.

चिमणी: बरोबर! विंडोजला पत्त्यात अकरा-पाच लागते, याला एक-सात. तिथेच माझं चुकलं.

आत्या: दोघांनी मिळून एक रेघ ठरवता आली नाही? मोठी माणसं ना ती?

चिमणी: लिही. एक-सात, मग पी, आर, ओ, सी, मग एक-सात, मग एक सात दोन सहा...

आत्या: दुसरी एक-सात म्हणजे रेघ की आकडा?

चिमणी: आधी रेघ, मग आकडा!

आत्या: ओरडू नकोस, इथे जिना वाजतोय. तुझा बाप खाली येतोय.

घड्याळजी: ताई, जरा सरक. दिव्याची पिन लावायची आहे.

आत्या: कुठे?

घड्याळजी: तू बसली आहेस तिथे मागे. एकच बोर्ड आहे खोलीत. कम्प्युटरची पिन काढतो दोन मिनिटं, वर अंधार आहे, लंबकाचा स्क्रू दिसत नाही.

आत्या: मला उठता येत नाही. गुडघे धरलेत.

घड्याळजी: आत्ता तर शिडीवर चढून जाळी काढत होतीस.

आत्या: म्हणूनच धरलेत.

घड्याळजी: बरं, मग हात घालून काढतो.

आत्या: धाकट्या, त्या पिनेला हात लावलास तर या घरात माझं पाऊल पडणार नाही.

घड्याळजी: हे घर नाही, मनोरा आहे. फोनवर कोण?

चिमणी: मी, बाबा.

घड्याळजी: तू ऑफिसात असतेस यावेळी. आणि ताईचा आवाज थरथरतोय. काय मोडलं?

आत्या: काही मोडलेलं नाही.

घड्याळजी: ताई.

आत्या: तुझी नोंद मी पुसली. चाळीस दिवसांची. मला वाटलं रद्दी आहे. आता तू मला काय बोलायचं ते बोल, पण आधी त्या पिनेपासून लांब हो. हे बंद झालं तर उरलंसुरलंही जाईल.

घड्याळजी: ...

आत्या: बोल ना काहीतरी. तू गप्प बसलास की मला जास्त भीती वाटते.

घड्याळजी: किती वाजले?

आत्या: पावणेचार होत आले.

घड्याळजी: चिमणे, परत येईल?

चिमणी: येईल, बाबा. आत्याने एक ओळ लिहिली की येईल. पिन मात्र राहू दे.

घड्याळजी: राहिली. ताई, मी इथे बोर्डापाशी उभा राहतो. कोणी आलं तरी हात लावू देत नाही. तू लिही.

आत्या: रागावलास?

घड्याळजी: घाबरलोय. रागवायला वेळ नाही. लिही.

आत्या: चिमणे, एक सात दोन सहा झालं. पुढे?

चिमणी: एक-सातची रेघ. मग एफ, डी. परत रेघ. मग तीन. मग मोकळी जागा आणि नवीन फाईलचं नाव. साधं, माणसासारखं. नोंद, एन, ओ, एन, डी. एंटर दाब.

आत्या: दाबलं. काहीच झालं नाही. काही बोललं नाही ते.

चिमणी: काही बोललं नाही म्हणजे झालं! हे नीट झालं की गप्प बसतं.

आत्या: तुझ्या बापासारखं.

चिमणी: आता ती नोंद उघड. किती ओळी आहेत?

आत्या: थांब, चष्मा. खूप आहेत गं. खाली खाली जातंच आहे... नऊशे एकसष्ट. शेवटची आज तीन वाजताची. सात सेकंद मागे.

घड्याळजी: आहे?

आत्या: आहे रे. सगळं आहे. ये, बघ. अरे, डोळे कसले पुसतोस तेलाच्या हातांनी? जळजळेल.

घड्याळजी: जळजळतंय म्हणूनच पाणी येतंय.

आत्या: पेन ड्राइव्हवर घेते आणि समितीच्या हातात देते. आज दुसरं काही आवरायचं नाही, शपथ.

*

चिमणी: आत्या, किती वेळ फोन लावतेय! पाच वाजायला आले. काय झालं?

आत्या: समिती आत्ता गेली. आधी गंमत ऐक. समितीच्या सचिवांनी सोबत आणलेल्या जुन्या मशीनवर फाईल उघडली तर चाळीस दिवस एकाच ओळीत! एकाला एक चिकटलेले. स्क्रीनच्या या टोकाला शिरले ते बाहेर निघेचनात.

चिमणी: अरे देवा. ओळ संपली हे सांगायला लिनक्स एक खूण करतं, जुन्या विंडोजला दोन लागतात. एकीने त्याला कळत नाही. मी हेही विसरले.

आत्या: तुझा बाप पांढरा पडला. सचिव म्हणतात, ही ओळ मध्ये कुठेच का तुटत नाही? मी म्हटलं, घड्याळ मध्ये कुठे थांबलंय, तर ओळ तोडायची?

चिमणी: आत्या!

आत्या: मग सरळ आमच्या मशीनसमोर बसवलं सगळ्यांना. इथे ओळीखाली ओळ. तिघांनी बोट ठेवून वाचलं. सगळ्यात मोठी चूक बावीस सेकंद, तीही वादळ झालं त्या दिवशी. राहिलं गं घड्याळ. सही केली त्यांनी.

चिमणी: बाबा कुठे आहेत?

घड्याळजी: इथेच आहे.

चिमणी: बाबा, मी उद्या सुट्टी काढून येते आणि तो प्रोग्रॅम नीट लिहिते. पत्ता नीट, ओळी नीट, दर वेळी फाईल मिटवून.

घड्याळजी: ये. तुझ्या आत्याला पासवर्ड देऊ नकोस.

आत्या: मी कुठे मागते आहे? धाकट्या, आता तरी लाव तुझा दिवा. काढ ती पिन, मी उठते.

घड्याळजी: चिमणे, काढली तर काही जाईल?

चिमणी: नाही, बाबा. नोंदीची प्रत आपल्याकडे आहे. प्रोग्रॅम अजून त्या नाव पुसलेल्या फाईलमध्येच लिहितोय. चारची ओळ त्याने तिथे लिहिली, आता पाचची लिहील. पिन काढली की ते जाईल, पण ते आता कोणाला नकोच आहे.

घड्याळजी: म्हणजे कोणी वाचणार नाही, तरी तो दर तासाला ऐकतो आणि लिहितो?

चिमणी: हो. त्याला तेवढंच माहीत आहे.

आत्या: काय बघत उभा राहिलास? काढ ना.

घड्याळजी: राहू दे ताई, चालू असू दे. मी बॅटरी घेऊन जातो वर.