महबूब मास्तरचा डावा कान

अहो पत्ती चावू नका, पत्ती चावू नका, सूर चढून राहिला! असं महबूब मास्तर ओरडले, खुर्चीतून अर्धे उठून, चौकशीच्या खोलीत, चौकशी करणाऱ्या साहेबांच्या तोंडासमोर, आणि मी त्यांच्या मागं डाव्या अंगाला त्यांच्याच क्लॅरनेटची वेताची पत्ती दातांत धरून उभा. साहेबांचा पेन थांबला. ज्याच्यावर तक्रार होती तो माझा दोस्त बालाजी हवालदार घाम पुसायचा थांबला. वरचा पंखासुद्धा थांबला म्हणलं तरी चालंल, पटत नसंल तर नका लिहू. मी क्लॅरनेट तोंडातून काढली आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणलो, साहेब, तक्रारदाराला ऐकू येतं, आवाज डाव्या बाजूनं आला होता, लिहून घ्या.

हे मी मधूनच सुरू केलं, पण काय सांगू तुम्हाला, डोळे मिटले की हेच पहिलं दिसतं म्हणून हेच पहिलं तोंडातून निघतं. आता रीतसर सांगतो.

माझं नाव व्यंकट. गाव अहमदपूर तालुक्यातलं. जन्मलो तेव्हा असा रडलो म्हणतात की स्टँडवरून निघालेली लातूर गाडी ड्रायव्हरनं थांबवली, त्याला वाटलं मागून कोणी हॉर्न देऊन राहिलं. बाप मार्केट यार्डात हमाल, पोतं उचलताना त्याची आरोळी औशाच्या किल्ल्यापर्यंत जायची, तोच आवाज माझ्यात उतरला. पोलीस भरतीत पळालो ते असा पळालो की थांबायचं ध्यानातच राहिलं न्हाई, जीप पाठवून परत आणला मला. छाती बघून पोलीस बँडात घेतलं, हातात क्लॅरनेट दिली, आणि थोड्याच दिवसांत तिथल्या बँडमास्तरनं हात जोडले, म्हणले व्यंकट, तू दरोडेखोर पकड बाबा, याच्यातलं तुझं काम न्हाई. मग नांदेड जिल्ह्यात ठाण्यावर आलो. ठाणं कोणतं ते विचारू नका, माणसं अजून नोकरीत हायत.

आता पोलिसाविरुद्ध तक्रार आली की आमच्या खात्यात कसं चालतं ते आधी सांगतो, कारण बाहेरच्याला वाटतं एक फोन गेला की झालं, दाबलं. तसं न्हाई. अर्ज वर जातो, वरचे साहेब तो दुसऱ्याच ठाण्याच्या साहेबाकडं देतात, आपल्या साहेबानं आपल्याच माणसाला पाठीशी घालू नये म्हणून. तो साहेब जबाब घेतो, डॉक्टरचा कागद बघतो, आणि त्याला दम वाटला तर विभागीय चौकशी लागते. ती म्हणजे आमचं घरातलं कोर्ट. त्यात ज्याच्यावर आरोप त्याला आपल्या बाजूनं बोलायला खात्यातलाच एक माणूस घेता येतो, त्याला बचाव सहायक म्हणतात. वकील न्हाई, पोलीसच. तर तो मी. भोकरपासून देगलूरपर्यंत ज्याची चौकशी लागली तो पहिला माझ्या दारात. व्यंकट वकील म्हणायचे मला. माझे उलटे प्रश्न ऐकून एक साक्षीदार आपलंच नाव विसरला होता, घरी जाऊन बायकोला विचारलं त्यानं. आणि एक सांगतो, खोटं मी कधी बोललो न्हाई. खोटं सापडतं. मी खरंच बोलायचो, फक्त पायजे तेवढंच.

महबूब मास्तर म्हणजे आमच्या ठाण्याच्या गावातल्या बँडचे मालक आणि क्लॅरनेट वाजवणारे. घरात तीन पिढ्या तेच. त्यांनी बिदाईची धून वाजवली की नवरीचं सोडा, मांडववाला, आचारी, घोडेवाला सगळे रडायचे, घोडीच्या डोळ्यात पाणी मी सोता बघितलंय. त्या दिवशी भर दुपारी वरात ठाण्यापुढून चालली होती आणि तिकडून मंत्र्याच्या गाड्या येणार होत्या. बालाजी बंदोबस्तावर. बंद करा म्हणला, पोरांनी वाजवायचं सोडलं, पण मास्तर डोळे मिटून वाजवून राहिले. बालाजीनं उजव्या हातानं एक ठेवून दिली. एकच. पण बालाजीचा हात म्हणजे फावडं. डाव्या कानातून रक्त आलं, मास्तर खाली बसले, आणि गाड्या तर दुसऱ्याच रस्त्यानं गेल्या.

कानाचा पडदा फाटला. मास्तरनं अर्ज केला. बालाजी माझ्याकडं आला, रडायला लागला, व्यंकटराव, तीन पोरी हायत मला, मारलं मी, लागली जोरात. मी म्हणलो येड्या, मारलं म्हणू नको, बाजूला सारलं म्हण. मग आम्ही दोघं मास्तरच्या घरी गेलो समजूत काढायला. अशी समजूत काढायला जाणं नियमात न्हाई, पण सगळे जातात. मी म्हणलो, मास्तर, काय पायजे ते बोला, माफी मागतो, पाया पडतो. मास्तर म्हणले, साब, माफी नको, काहीच नको. लग्नावाले म्हणून राहिले मास्तर म्हातारा झाला, पितो, सूर हुकतो त्याचा. पोलिसानं मारलं म्हणून कान गेला, एवढं सरकारी कागदावर लिहून यावं, मी तो कागद फ्रेम करून दुकानात लावतो. बस, एवढंच. त्यांच्या बायकोनं चहा दिला. मी बशीत ओतून प्यायलो, आणि पिता पिताच माझं डोकं चालू झालं की हे फ्रेममध्ये जाऊ द्यायचं न्हाई.

चौकशीचे साहेब सरळ माणूस. त्यांचा कल मास्तरकडं दिसून राहिला होता, मला घाम फुटला. मास्तर त्या दिवशी लग्नावरून तसेच आले होते, लाल कोट, खांद्यावर क्लॅरनेटची पिशवी. मी डॉक्टरच्या कागदावर बोललो, काही जमलं न्हाई. बँडवाल्याचे कान तसेही जातात म्हणलो, साहेब हसले पण न्हाईत. मग मी गोड झालो. मास्तर, तुमची क्लॅरनेट बघू द्या की, मीबी पोलीस बँडात होतो. मास्तर लई खूश. सोता पत्ती बसवून दिली, रुमालानं पुसून दिली. मी बोलत बोलत त्यांच्या मागं गेलो, डाव्या अंगाला, आणि बिदाईची धून हळूच धरली आणि मुद्दाम पत्तीवर दात दिला. पुढं काय झालं ते पहिलंच सांगितलंय.

मास्तरला कळलं तेव्हा ते उजव्या कानाला हात लावून सांगायला लागले, साब, इससे सुना, या कानानं ऐकलं, खोली लहान हाय साब. मी म्हणलो, मास्तर, साहेबांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. खात्याच्या बाजूनं बोलायला जो फौजदार बसला होता तो मोबाईल बघत होता. साहेबांनी माझ्याकडं लई वेळ बघितलं आणि मग लिहिलं: डाव्या बाजूने वाद्य वाजवले असता तक्रारदाराने तत्काळ प्रतिसाद दिला. सांगा, यात खोटं काय हाय? एक अक्षर खोटं न्हाई. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं खरं वाक्य मी कधी लिहवून घेतलं न्हाई.

आरोप सिद्ध होत नाही असा निकाल आला. बालाजीनं मटण केलं, सगळं ठाणं जेवलं. मी ती गोष्ट चहाच्या टपरीवर सांगायला लागलो आणि दर खेपेला ती वाढत गेली, मास्तर अर्धे उठायचे ते टेबलावर चढायला लागले, साहेब खुर्चीवरून पडायला लागले. लोक पोट धरून हसायचे. घरी बायकोला सांगितली. ती भाकर थापता थापता थांबली आणि म्हणली, पण त्यांचा दुसरा कान चांगलाच होता ना? एवढे साहेब, एवढे फौजदार, कोणीच विचारलं न्हाई ते हिनं परातीपुढं बसून विचारलं. मी म्हणलो हाव. ती परत थापायला लागली. त्या दिवशी मला भाकर गेली न्हाई, आणि मी म्हणजे एका बैठकीत बैलगाडीभर खाणारा माणूस.

गावात मग असं झालं की मास्तर म्हातारा तर होताच, आता खोटाबी झाला. चौकशीत सापडला म्हणे, बहिरं असल्याचं सोंग करत होता. ही बातमी कोणी पसरवली? मीच, टपरीवर. मोठ्या घरची लग्नं दुसऱ्या बँडकडं गेली. मास्तर आधी बँडच्या मधोमध पुढं चालायचे, आता डाव्या टोकाला चालतात, म्हणजे सगळा बँड उजव्या कानाकडं येतो. वरात दिसली की मी गल्लीत शिरायचो. दरोडेखोराला कधी भ्यालो न्हाई मी, लाल कोटाला भ्यालो.

गेल्या वर्षी रिटायर झालो. आमच्यात रिटायर होणाऱ्याला फुलं लावलेल्या जीपमध्ये बसवून ठाण्यातून घरापर्यंत नेतात. सगळी तयारी बालाजीनं केली, आणि बँड कोणाचा सांगितला? त्याच्या ध्यानातच न्हाई हो, तो म्हणला स्वस्तात आला. मी गळ्यात हार घालून जीपमध्ये उभा आणि समोर डाव्या टोकाला मास्तर. गल्लीत शिरायला जागा न्हाई. काय वाजवलं त्यांनी त्या दिवशी! साहेब लोक रुमाल काढून राहिले होते. त्यांना वाटलं व्यंकट नोकरीसाठी रडून राहिला.

घरापुढं सगळे जेवायला बसले. मास्तर लिंबाखाली एकटे बसून क्लॅरनेट पुसत होते. मी जाऊन शेजारी बसलो, कोणत्या बाजूला ते तुम्हाला कळलंच असंल, सवय जात न्हाई. हळूच म्हणलो, मास्तर, जुनं मनात ठेवू नका. मास्तर वर न बघता म्हणले, इकडून बोला. मग उठलो, उजवीकडं गेलो, आणि आता हळू बोलायचं कारणच राहिलं न्हाई. पंगतीतले लोक बघून राहिले होते, बालाजीच्या हातात जिलेबीचं ताट होतं. मी म्हणलो, मास्तर, तुम्ही उजव्या कानानं ऐकलं हे मला त्याच वक्ताला माहीत होतं, मी मुद्दाम डावीकडून वाजवलं, बालाजीनं चापट मारली होती, कान त्यानंच गेला, हे या सगळ्यांसमोर सांगतो, वर साहेबांकडं येऊन लिहूनबी देतो, पण मनात ठेवू नका.

मास्तरनं पत्ती काढली, डबीत ठेवली, डबी खिशात टाकली.

ठेवलंय, म्हणले.