निघालो, जेवण गरम कर

गिरगावात प्रार्थना समाजच्या बसस्टॉपवर माझ्या पुढे दोन तरुण उभे होते, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा.

“सम्यक, ऑफिसच्या ग्रुपवर मी टाकलेला कोड तू तसाच उचललास ना?”

“मग काय! मस्त चालतोय रे, ओनील.”

“शेवटची ओळ वाचलीस?”

“एवढं कोण वाचत बसतं यार? तू टाकलास म्हणजे चालणारच.”

“ती माझी पर्सनल होती, काढायची राहिली. कोड चालून संपला की माझ्या ममाला मेसेज जातो, ‘निघालो, जेवण गरम कर.’”

“अरे देवा! मी काल संध्याकाळभर तोच चालवत होतो. दर वेळी उत्तर चुकीचं यायचं, म्हणून पुन्हा पुन्हा. आज कुठे जमलं.”

“कळलं ना मला घरी गेल्यावर. तिने बांगड्याची करी इतक्यांदा गरम केली की पार आटली. टोपाला नुसता मसाला चिकटलेला.”

“सॉरी रे. आत्ता काढतो ती ओळ. आणि ममाला सांग ना, चूक माझी होती.”

“सांगितलं सगळं.”

“मग? भडकली?”

“तुझ्यावर नाही. म्हणाली, एवढ्या वेळा निघाला तो पोरगा, मग जेवला कुठे?”