खाडीतून परत आलेला नवरा

माजिवड्याच्या बसस्टॉपवर माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या. एका कोळीणबाईंना त्यांची जुनी शेजारीण अचानक भेटली होती.

"आवडामावशी, धाकूकाका खाडीत पडलेले म्हणे?"

"होडीतून तोल गेला गं, माधवी. ह्यांच्या भावाने बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता. मी देवीला हाका मारत सुटले."

"मग?"

"मग डोळे उघडले आणि मला बोलले, खाडीत मीठ जास्त झालंय, तूच रांधलीस काय?"

"धाकूकाका? आणि मस्करी?"

"तेच तर! लग्न झाल्यापासून हा माणूस कधी हसला नाय. आता थांबतच नाय. डॉक्टरने विचारलं, पोटात काय होतंय? तर बोलले, गळ टाकून बघा, एखादी निवटी लागेल."

"अगंबाई! आणि तुझी लेक मेघाली? ठरलेलं लग्न मोडल्यापासून ती धड जेवत नव्हती ना?"

"काल हे तिच्या ताटासमोर जाऊन बसले. बोलले, पोरी, मी खाडीच्या तळाला जाऊन आलो, पण त्या पोराएवढा चिखल तिथेपण नाय दिसला."

"हसली?"

"एवढी हसली की भात नाकात गेला. मग परत भात मागून घेतला तिने. मी मोरीत जाऊन रडले गं."

"आता कुठे निघालीस?"

"देवीची ओटी भरायला. मी माझा नवरा परत मागितलेला. तिने हा कोणाचा दिलाय ठाऊक नाय, पण मी काय बदलून घेणार नाय."