मशीन बंद करा म्हणणाऱ्या लीलाताई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे कंपनीचे मालक आणि पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या लीलाताई कोठारे, आणि दादरच्या या हॉलमध्ये चहाची वाट बघत बसलेल्या माझ्या लेकरांनो, डिलाईल रोडच्या तुळसाबाईचा सर्वांना नमस्कार.

भाषण मी सांगितलं, माझ्या नातीनं, मंजुळानं लिहून घेतलं. तिनं काही वाक्यं गाळलीत. ती मी तोंडी घालणार आहे. घाबरू नका, घाबरायचं काम मी आधीच उरकलंय.

लीलाताई म्हणजे मंजुळेच्या साहेब. हॉस्पिटलातले कंप्युटर ज्याच्यावर चालतात तो मुळातला प्रोग्राम ही मंडळी लिहितात. मला समजलं ते असं. माहिती दर वेळी आतल्या कपाटातून काढायला उशीर होतो, म्हणून कंप्युटर ती हाताशी काढून ठेवतो. हाताशी जागा थोडी आणि काम करणारे हात पुष्कळ. एकाचं वाचून झालं, की त्याच जागेवर दुसरा दुसऱ्याची माहिती भरतो.

यात न कळण्यासारखं काय आहे? गिरणीच्या संपानंतर मी आणि माझी जाऊ गुणवंती आमच्या खोलीत गिऱ्हाइकांचे चाळीस डबे भरायचो. नेम असा, की जिचा डबा चाललाय तिनं त्यावर पळी आडवी ठेवायची. पळी आहे तोवर दुसरीनं हात लावायचा नाही. एकदा गुणवंतीनं झाकण लावायच्या आधीच पळी उचलली. मला वाटलं, डबा मोकळा. न बघता बोंबलाचं कालवण ओतलं. तिनंही न बघता झाकण दाबलं. खाली साबुदाण्याची खिचडी, वर बोंबील, आणि डबा गेला संकष्टी धरणाऱ्या अप्पांकडे! अप्पा आठ दिवस बोलले नाहीत. तेवढाच आम्हाला आराम.

हॉस्पिटलात मात्र हसायची सोय नव्हती. सात नंबरच्या खाटेवर रामू नावाचा रंगारी होता. स्क्रीनवर त्याच्या नावापुढे शेजारच्या वॉर्डातल्या बाईंचं इन्सुलिन आलं. सुई भरून झाली होती. सिस्टर थबकली. "अहो, याला कुठे साखर आहे?" पुन्हा बघितलं, तर स्क्रीनवर सगळं बरोबर!

मंजुळा चार दिवस शोधत होती. तपासायला काही घातलं की मशीनचा वेग बदलायचा आणि दोष लपायचा. ताटात भात चिवडत ती म्हणाली, "आजी, प्रोग्राममधली ती चुकीची ओळ बहुतेक मीच लिहिलीय."

"बहुतेक म्हणजे गं?"

"पुरावा नाही. आणि तिकडे मशीन चालूच आहे."

गिरण्या बंद पडल्या तेव्हा मी घाबरले होते. चालू मशीनला घाबरले ती पहिल्यांदाच.

तिनं लीलाताईंना सांगितलं. मालक म्हणाले (इथेच बसलेत, नमस्कार साहेब), "आधी पुरावा आणा." लीलाताई म्हणाल्या, "पुरावा म्हणजे मेलेला माणूस का?" आणि स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. मशीन बंद करा, आजपासून कागदावर लिहा.

दोन दिवसांनी मंजुळेनं त्या ओळीनंतर मुद्दाम थांबा घातला, मशीनला रेंगाळायला लावलं. दोष दर वेळी समोर येऊन उभा! वाचून व्हायच्या आतच जागा मोकळी म्हणून सांगितली जात होती. ओळ मंजुळेचीच. लीलाताईंनी कंपनीला लिहून दिलं, 'चूक माझ्या विभागाची.' नाव कुणाचंच नाही.

आता पत्रिकेत छापलंय की लीलाताई स्वेच्छेनं जातायत. स्वेच्छेनं? बरं. शाल मात्र छान निवडलीत. मंजुळे, डोळे वटारू नकोस.

उद्यापासून त्यांच्या खुर्चीत मंजुळा बसेल. चाळीतल्या बायका म्हणतात, तुळसाबाय, पेढे वाट. मी अजून वाटले नाहीत. पुन्हा कधी सुई भरलेली असेल, पुरावा नसेल, समोर साहेब असतील, आणि माझ्या नातीची जीभ टाळूला चिकटली तर? लीलाताई, तुमचा नंबर तिच्याकडे आहे. पण तेव्हा हॉस्पिटलला फोन तिलाच करावा लागेल.

मला इथे उभं केलंत, ऐकून घेतलंत, उपकार झाले. कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. साहेब, तुम्हीसुद्धा.